प्रति, मुख्याध्यापक

डिसेंबरातल्या एका सकाळी मी लेकीला घेऊन आमच्या भागातल्या एका शाळेच्या ऑफिसात गेले होते. लेक पंधरा वर्षांची. सहावीनंतर तिने शाळा सोडली, तेव्हापासून ती घरीच शिकत होती. आता दहावीला बाहेरून बसायचं ठरलं होतं. परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे फॉर्म जानेवारीत निघत असणार, आपण महिनाभर आधी चौकशी केलेली बरी, असा माझा हिशेब. खिडकीपाशी उभी राहिले तेव्हा आपण फार वेळेवर आलोय याचं मला समाधान वाटत होतं.

"सतरा नंबर? मॅडम, तो कधीच बंद झाला. आता पुढच्या वर्षी या."

"अहो, पण परीक्षा मार्चमध्ये आहे ना?"

"परीक्षा मार्चमध्ये. फॉर्म पावसाळ्यात."

हे आम्हाला कळणार कसं, असं मी विचारलं. क्लार्क भला माणूस होता. त्याने खुर्चीमागच्या कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटाच्या दारावर चिकटपट्टीने एक परिपत्रक लावलं होतं. खिडकीबाहेरून त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. त्याने ते काढून माझ्या हातात दिलं. मजकुराची सुरुवात होती, 'प्रति, मुख्याध्यापक'.

मी मुख्याध्यापक नाही, माझा नवरा नाही, आमच्या मजल्यावर कुणीच नाही. तेव्हा ते पत्र आमच्यापर्यंत येणार नव्हतंच. लेकीचं एक वर्ष गेलं.

घरी आल्यावर 'मुलांना घरी शिकवावं की नाही' हा वाद नातेवाइकांनी पुन्हा उकरून काढला. तो वाद इथे मला घालायचा नाही. शाळेवर विश्वास असणाऱ्यांनी मुलांना शाळेत घालावं, त्यांचं भलं व्हावं. माझं म्हणणं एवढंच आहे, की शाळेबाहेरच्या मुलासाठी परीक्षेचं दार या राज्याने उघडं ठेवलं आहे आणि ते चांगलं केलं आहे. पण दार कधी उघडतं आणि कधी बंद होतं, हे मात्र आत बसलेल्यांनाच नीट सांगितलं जातं. बाहेर उभ्या असलेल्यांसाठी केलेली सोय आतल्यांच्या कपाटाला चिकटवून ठेवायची, याला सोय म्हणत नाहीत.

आधी हा सतरा नंबर काय आहे ते सांगते, कारण ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांना तो फक्त टोमणा म्हणून माहीत असतो. "अभ्यास केला नाहीस तर सतरा नंबरने बसावं लागेल," असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगीरीत्या बसू इच्छिणाऱ्याने नावनोंदणीसाठी भरायचा तो अर्ज. दहावीसाठी किमान पाचवी पास असावं लागतं, वयाची अट असते, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग नेमून दिलेल्या संपर्क केंद्रावर, म्हणजे एखाद्या शाळेत, कागद नेऊन द्यायचे. नियमित शुल्काची मुदत संपली की विलंब शुल्काची, ती संपली की अतिविलंब शुल्काची. आणि इथे बरेच जण फसतात: नावनोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही. परीक्षेचं आवेदनपत्र वेगळं, त्याची मुदत वेगळी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांच्या तारखा आणखी वेगळ्या. शाळेतल्या मुलाला यातलं काहीही माहीत असण्याची गरज नसते. वर्गशिक्षिका दारात येऊन सांगतात, "उद्या सह्या करायला पालकांना पाठवा." त्या एका वाक्यामागे केवढी यंत्रणा उभी असते, हे शाळा सुटल्यावर कळतं.

मंडळ काहीच सांगत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. प्रकटन निघतं, संकेतस्थळावर येतं, वर्तमानपत्रांत त्याची चार ओळींची बातमी होते. पण ती बातमी त्याच दिवशी, त्याच पानावर वाचायला हवी आणि वाचताना हे आपल्यासाठी आहे हे ओळखू यायला हवं. 'खासगीरीत्या प्रविष्ट होणारे विद्यार्थी' म्हणजे आपली मुलगी, हे माझ्यासारख्या पदवीधर बाईला कळायला वेळ लागला. "सगळं इंटरनेटवर आहे," असं तोंडावर फेकणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, की ज्याला 'सतरा नंबर' हे नावच ठाऊक नाही त्याने इंटरनेटवर शोधायचं काय?

तो काय शोधतो ते मला माहीत आहे. लोकलच्या डब्यात दाराशेजारी स्टिकर असतं: दहावी नापास? काळजी नको. खाली मोबाइल नंबर. जी तारीख सरकारकडे फुकट आहे ती लोकांपर्यंत पोचली नाही की कुणीतरी ती विकायला बसतो. काही हजार घेऊन एजंट जे करतो त्यातलं निम्मं काम म्हणजे योग्य दिवशी योग्य खिडकीवर जाणं.

आता कायद्याबद्दल. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याचं कलम १० म्हणतं. ते न करणाऱ्या पालकांना मात्र या कायद्यात शिक्षा नाही. म्हणजे घरी शिकवणं हा गुन्हा नाही, पण त्याला नावही नाही. लेकीचा दाखला काढायला गेले तेव्हा हे प्रत्यक्ष दिसलं. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. घरी शिकणार, असं मी सांगितलं. असं कारण चालत नाही म्हणाले. बराच खल होऊन शेवटी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं गेलं. चौकशी अशी कुणीच केली नाही: मुलगी कुठे जाते, काय शिकते, पुढे परीक्षा देणार का. दाखल्यावर शिक्का बसला आणि राज्याच्या शिक्षणव्यवस्थेच्या लेखी ती विरून गेली. आम्ही मात्र माटुंग्यात त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर राहत होतो.

राज्याला घरापर्यंत येता येत नाही, असं नाही. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. शिक्षक घरोघर, स्टेशनांवर, सिग्नलवर फिरले आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. मोजायला घरी येता येतं. मग ज्यांना मोजलं त्यांच्या हातात 'दहावीला बसायचं असेल तर या महिन्यात इथे जा' असं लिहिलेली चिठ्ठी का देता येऊ नये?

आणि करोनाची दोन वर्षं आठवा. सगळ्या महाराष्ट्रातली मुलं घरी शिकत होती. शाळांच्या इमारतींना कुलपं होती. तरीही फॉर्मच्या तारखा, अंतर्गत मूल्यमापनाच्या सूचना, निकाल कसा लागणार याचे बदलते नियम, सगळं पालकांच्या मोबाइलवर येत होतं. माझ्या बहिणीचा मुलगा आणि माझी मुलगी दोघंही घरीच, पलंगावर बसून, एकाच इयत्तेचा अभ्यास करत होती. त्याच्या आईला सगळं कळत होतं, मला काही नाही. फरक शाळेत जाण्या-न जाण्याचा नव्हता. तिचा नंबर एका यादीत होता आणि माझा नव्हता. म्हणजे प्रश्न यादीचा आहे, आणि यादी वाढवायला नवा कायदा लागत नाही.

दहावीच्या आधीच्या परीक्षांची गत याहून वाईट आहे. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. तिचे अर्ज शाळाच भरते. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस परीक्षाही सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी. शिष्यवृत्तीचे पैसे आमच्यासारख्यांना नकोत, ते गरजूंना मिळावेत. पण ती प्रश्नपत्रिका तीन तास बसून सोडवून आपण राज्यातल्या आपल्या वयाच्या मुलांमध्ये कुठे आहोत हे बघायचा हक्क शाळेबाहेरच्या मुलाला का नसावा? डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली, नापास झाल्यास पुनर्परीक्षाही. शाळेतल्या मुलाला निदान एक आरसा मिळाला. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यातून पाचवी-आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते. मी माझ्या ओळखीतल्या चार शिक्षिकांना विचारलं. चौघींपैकी एकीलाच ते ऐकून माहीत होतं. ज्यांच्यासाठी ते काढलं त्यांच्यापर्यंत ते कितपत पोचलं असेल, याचा अंदाज यावरून करा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "परीक्षा नको म्हणूनच तर घरी बसवलंत ना!" या टोमण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून मला झोंबतो. घरी शिकवणाऱ्यांच्या आमच्या गोतावळ्यात परीक्षेबद्दल एक तुच्छता असते. मीही तिच्यात सामील होते. माहेश्वरी उद्यानात बसून आम्ही आया मुलांना पानं गोळा करताना बघायचो आणि 'मार्कांच्या मागे धावणाऱ्या' पालकांची कीव करायचो. तारखेची चौकशी करणं म्हणजे जणू हार मानणं. लेक तेरा वर्षांची असताना मी एक फोन केला असता तर डिसेंबरातली ती सकाळ टळली असती. तो दोष माझा आहे, मी तो कुणावर ढकलत नाही.

अशा वेळी आमच्यातलं कुणीतरी हमखास दादरच्या मालविका जोशीचं उदाहरण काढतं. तिला आईने सातवीच्या सुमारास शाळेतून काढलं, ती प्रोग्रॅमिंगकडे वळली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय एमआयटीत गेली. मोठी गोष्ट आहे, मुंबईकर म्हणून मला तिचा अभिमान आहे. पण त्या गोष्टीचा दुसरा भाग सांगताना सगळ्यांचा आवाज खाली येतो. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने तिला आपल्या आयआयटीत जाता येत नव्हतं. तीन पदकं असलेल्या मुलीलाही दार बंद होतं, तर पदकं नसलेल्या आमच्या मुलांनी कशाच्या जोरावर परीक्षेला नाकं मुरडायची? घरी शिका, झाडावर बसून शिका. पण या देशात पुढच्या प्रत्येक खिडकीवर दहावीचा कागद मागतात. तो मिळवायचा दिवस माहीत नसणं हा बाणेदारपणा नाही, बेपर्वाई आहे, आणि तिची किंमत आईबाप नाही, मूल भरतं.

ही किंमत कुणाला किती पडते, ते मला फुलगल्लीत कळलं. मी जिथे गजरा घेते तिथे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा बसतो. राहायला लेबर कॅम्पात. करोनात वडिलांचं काम गेलं आणि याची आठवी सुटली ती सुटलीच. लेकीचं वर्ष गेलं तेव्हा मी तिथे बोलता बोलता चिडून काहीतरी म्हणाले, तर तो म्हणाला, "काकू, माझं पण दोनदा राहिलं." त्याला रेल्वेतल्या ग्रुप डीच्या भरतीचा अर्ज भरायचा होता. रोज येता-जाता माटुंग्याचं १९१५ सालचं वर्कशॉप दिसतं, तिथे आत जायचं तर दहावी हवी. पहिल्या वर्षी तो परीक्षेच्या तोंडावर गेला, माझ्यासारखाच. दुसऱ्या वर्षी वेळेत गेला, पण दाखला त्याच्या जुन्या शाळेतच पडून होता, आणि तो हातात येईपर्यंत मुदत उलटली.

मी स्वेच्छेने बाहेर पडले होते, त्याला परिस्थितीने बाहेर काढलं होतं. आमच्या गोतावळ्यातल्या बायकांना तो आपल्यातला वाटला नसता, आणि माझं दुःख ऐकून त्याला हसू आलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. माझी मुलगी एक वर्ष जास्त पुस्तकं वाचत बसली. त्याची दोन वर्षं म्हणजे दोन भरत्या. पण खिडकी एकच होती, फॉर्म एकच होता, आणि कपाटावरचं ते पत्र दोघांनाही उद्देशून नव्हतं. म्हणून म्हणते, की हा 'होमस्कूलवाल्यांचा' हौशी प्रश्न नाही. सतरा नंबरच्या रांगेत आमच्यासारखे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. बाकीचे त्याच्यासारखे.

धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, कुंभार्ली घाटातून, शंभराहून अधिक मैल. तिथे पोचल्यावर वय सतरा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. आपण ही गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून मुलांना सांगतो. मला आता ती खिडकीची गोष्ट वाटते. मुलगा घाट ओलांडून आला होता, तयारी झालेली होती, अडलं ते टेबलामागे बसलेल्याच्या एका शेऱ्यापाशी. याच कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या विद्यापीठाशी जोडलेलं मणिबेन शाह महिला महाविद्यालय आमच्या माटुंग्यात किडवई रस्त्यावर आहे. त्याच्या फाटकावरून जाताना मनात येतं, की दीडशे वर्षांत घाट सपाट झाला, फॉर्म फोनवर आला, खिडकी मात्र तिथेच राहिली.

दुसरीकडे काय करतात? लांब जायला नको. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आपल्याच देशात आहे. तिची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शिवाय मागणीनुसार परीक्षेची सोय आहे. पाच वर्षांत विषय सुटे सुटे सोडवता येतात. तिथे तारीख चुकली तर मूल काही महिने मागे पडतं, अख्खं वर्ष नाही. आमची तयारी राज्य मंडळाच्या मराठी पुस्तकांवर झालेली, म्हणून आम्ही त्या वाटेने गेलो नाही, इतकंच. केंद्रीय लोकसेवा आयोग पुढच्या वर्षीच्या परीक्षा आणि अर्जाच्या तारखा आदल्या वर्षीच जाहीर करतो. आणि अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात घरी शिकवणाऱ्या पालकांनी १ जुलैपर्यंत शिक्षण कार्यालयाला लेखी कळवायचं असतं, पत्र पोचल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत कार्यालयाने नियमांची प्रत आणि अभ्यासयोजनेचा फॉर्म पालकांना पाठवायचा असतो. पुढे पालकांना तिमाही अहवाल द्यावे लागतात, मुलाचं वार्षिक मूल्यमापन करावं लागतं. जाच आहे, पण दोन्ही बाजूंनी आहे. आमच्याकडे नोंदच नाही, त्यामुळे जाच नाही आणि उत्तरही नाही. माझ्याकडून हिशेब मागा, मी देईन. पण मग मला पत्र पाठवा.

तेव्हा मागण्या अशा. पहिली: सतरा नंबरची नावनोंदणी, परीक्षेचं आवेदनपत्र आणि तोंडी-प्रात्यक्षिक, या तिन्हींच्या तारखा एकाच कागदावर, शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनच्या पहिल्या तारखेला जाहीर कराव्यात. दुसरी: तो कागद शाळांच्या फाटकाबाहेर लावावा, आत नाही. महापालिकेच्या प्रत्येक विभाग कार्यालयात लावावा. आमचं एफ उत्तर भाऊ दाजी रस्त्यावर आहे, तिथे पाणीपट्टीपासून जन्मदाखल्यापर्यंतच्या कामांसाठी माणसं येतात, ती वाचतील. तिसरी, आणि हिला दमडीचाही खर्च नाही: शाळा सोडल्याच्या दाखल्याची मागची बाजू कोरी असते. तिथे पाच ओळी छापा. शाळा सुटली तरी परीक्षा देता येते, अर्जाचं नाव हे, महिना हा, संकेतस्थळ हे. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात तो कागद जातोच. चौथी: ज्या पालकाने कळवलं आहे त्याचा मोबाइल नंबर संपर्क केंद्राने यादीत घ्यावा. आणि पाचवी: राज्याच्या शालेय परीक्षा शाळेबाहेरच्या मुलांनाही देऊ द्याव्यात, बक्षिसाशिवाय का होईना.

"शाळा सोडलीत ना, मग आता तुमचं तुम्ही बघा," हे वाक्य मी खिडकीवर, लग्नात, लिफ्टमध्ये ऐकलं आहे. बघते आहेच की. भूगोल मी बघते, बीजगणित नवरा बघतो. पण फॉर्मची तारीख ही काही घरी शिकवायची गोष्ट नाही. ती राज्य ठरवतं, राज्यानेच सांगायला हवी.

पुढच्या वर्षी जून उजाडल्यापासून मी रोज संकेतस्थळ बघत होते. तारीख लागल्याच्या संध्याकाळी फुलगल्लीत जाऊन सांगून आले. त्याने तोवर दाखला सोडवून आणला होता. मार्चमध्ये लेक आणि तो एकाच केंद्रावर होते. लेक पास झाली. त्याचे गणित आणि इंग्रजी राहिले, ते तो जुलैच्या पुरवणी परीक्षेत देणार होता, त्याचा फॉर्मही आम्ही मिळून भरला.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, तुमच्याकडेही असेल. संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट वर्षभर आधी त्यात छापून येतो. गेल्या जूनपासून मी त्याच पानांवर लाल पेनने सतरा नंबरच्या तारखा लिहून ठेवते. मजल्यावरची कामवाली बाई परवा त्याच्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे माझ्या भाच्याला लिहून द्याल?" दिलं लिहून. कागदावर वरती काय लिहावं असा क्षणभर प्रश्न पडला. मग लिहिलं, 'प्रति, पालक'.